हृदयाचा रक्तपुरवठा मोजणाऱ्या तपासण्या: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

थॅलियम, पेट स्कॅन, कार्डियाक एमआरआय, सीटी अँजिओग्राफी यांपैकी एखाद्या तपासणीची चिठ्ठी हातात पडली की रुग्ण आणि नातेवाईक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. ही सगळी माहिती आधी वेळ घेऊन करायच्या तपासण्यांची आहे. छातीत आत्ता दुखत असेल, दरदरून घाम सुटला असेल, कळ हाताकडे किंवा जबड्याकडे जात असेल, तर यातल्या कुठल्याच तपासणीची वाट पाहू नका. १०८ ला फोन करा किंवा जवळच्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जा. तिथे आधी ईसीजी आणि ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली का हे सांगणारी रक्तचाचणी) होतं.

१. अँजिओग्राफीत ब्लॉकेज दिसतंच. मग रक्तप्रवाह वेगळा कशाला मोजायचा?

अँजिओग्राफी रक्तवाहिनीच्या आतली पोकळी दाखवते. त्या वाहिनीतून स्नायूपर्यंत रक्त किती पोचतं, हे तिच्यात दिसत नाही. ६० टक्के ब्लॉकेज असूनही पलीकडच्या स्नायूला पुरेसं रक्त मिळत असू शकतं, आणि ५० टक्केच दिसणारा पण लांबवर पसरलेला अडथळा प्रत्यक्षात जास्त नडू शकतो. अरुंद भाग किती लांब आहे, वाहिनीच्या सुरुवातीला आहे की टोकाला, त्यावर किती स्नायू अवलंबून आहे, शेजारच्या वाहिनीतून आडवाटेने रक्त येतंय का, आणि अँजिओग्राफीत न दिसणाऱ्या सूक्ष्म वाहिन्यांची स्थिती काय, या सगळ्यावर प्रवाह ठरतो.

शिवाय विश्रांतीतला प्रवाह आणि श्रमातला प्रवाह या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. १९७४ मध्ये अमेरिकन हृदयरोगतज्ज्ञ लान्स गूल्ड यांनी प्राण्यांवरच्या प्रयोगांतून दाखवलं की वाहिनी साधारण ८५ टक्के अरुंद होईपर्यंत विश्रांतीतला प्रवाह टिकून राहतो, पण जास्तीत जास्त वाढू शकणारा प्रवाह ५० टक्क्यांच्या आसपासच घटायला लागतो. कारण अडथळा आला की पुढच्या सूक्ष्म वाहिन्या रुंदावतात आणि तूट भरून काढतात. ही शिल्लक विश्रांतीतच खर्च झाली की श्रमाच्या वेळी वाढवायला काही उरत नाही. म्हणून या तपासण्यांमध्ये हृदयावर ताण देणं हा मुख्य भाग असतो, आणि तो ताण नीट पडला नाही तर पुढचं सगळं वाया जातं.

२. एवढ्या तपासण्या आहेत, त्यांत फरक काय?

थॅलियम टेस्ट, म्हणजे स्पेक्ट, यात किरणोत्सारी औषध शिरेतून देतात. जिथे रक्त जातं तिथल्या स्नायूत ते मुरतं आणि गॅमा कॅमेरा त्याचं चित्र काढतो. नाव थॅलियम असलं तरी आज बहुतेक ठिकाणी टेक्नेशियम वापरतात. थॅलियमचं अर्धायुष्य ७३ तास, टेक्नेशियमचं ६ तास. त्यामुळे कमी रेडिएशनमध्ये स्वच्छ चित्र मिळतं. स्पेक्ट एका भागाची दुसऱ्याशी तुलना करते.

पेट स्कॅनचं तत्त्व जवळपास तेच, पण प्रवाह प्रत्यक्ष आकड्यात मिळतो: दर मिनिटाला, दर ग्रॅम स्नायूमागे किती मिलिलिटर रक्त (प्रश्न १०).

स्ट्रेस एमआरआयमध्ये गॅडोलिनियम नावाचं औषध स्नायूत कसं पसरतं ते ठोक्यागणिक पाहतात. रेडिएशन नसतं आणि जुन्या अटॅकचा वण सगळ्यात स्पष्ट इथेच दिसतो.

सीटी अँजिओग्राफी वाहिन्यांची रचना दाखवते. त्याच चित्रांवरून संगणकाने दाबातला फरक काढला की ती सीटी-एफएफआर (प्रश्न १२).

स्ट्रेस इको प्रवाह मोजत नाही, प्रवाह कमी पडल्यावर स्नायूची हालचाल मंदावते का ते पाहते. स्वस्त आहे, रेडिएशन नाही, पण करणाऱ्याच्या हातावर आणि नजरेवर फार अवलंबून आहे.

३. मला काहीच त्रास नाही. चेकअप म्हणून करून घेऊ का?

नको. त्रास नसलेल्या, धोका कमी असलेल्या माणसात या तपासण्यांचे खोटे पॉझिटिव्ह निकाल बरेच येतात. मग त्या निकालापायी अँजिओग्राफी होते आणि तिचा धोका विनाकारण पत्करावा लागतो. साखर, रक्तदाब, कोलेस्टेरॉल, तंबाखू यांकडे लक्ष देण्याने अशा माणसाचा जास्त फायदा होतो.

छातीत दुखतं पण आजार आहे की नाही हे माहीत नाही, अशांसाठी सीटी अँजिओग्राफी ही चांगली सुरुवात आहे. स्कॉटलंडमध्ये ४,१४६ रुग्णांवर झालेल्या स्कॉट-हार्ट अभ्यासात नेहमीच्या तपासणीला सीटीची जोड दिल्यावर ५ वर्षांत हृदयविकाराने मृत्यू किंवा अटॅक यांचं प्रमाण ३.९ टक्क्यांवरून २.३ टक्क्यांवर आलं, मुख्यतः योग्य माणसांना योग्य औषधं सुरू झाल्यामुळे. आजार आहे हे आधीच माहीत असेल, वाहिन्यांत कॅल्शियम खूप असेल किंवा स्टेंट असतील, तर प्रवाह मोजणारी तपासणी जास्त कामाची.

४. थॅलियम टेस्टला किती वेळ लागतो? नक्की काय करतात?

अर्धा दिवस मोकळा ठेवा. एकाच दिवशी दोन्ही भाग करायचे असतील तर क्रम असा असतो. आधी हातात सुई लावून टेक्नेशियमचा लहान डोस, साधारण ८ ते १२ मिलिक्युरी (किरणोत्साराचं माप). पाऊण ते एक तास थांबून विश्रांतीचं चित्र. मग ताण, आणि ताणाच्या शिखरावर तिप्पट डोस, २४ ते ३६ मिलिक्युरी. पहिल्या डोसचा प्रभाव झाकून टाकण्यासाठी तो एवढा मोठा असतो. पुन्हा थोडं थांबून दुसरं चित्र. प्रत्येक चित्राला साध्या कॅमेऱ्यावर १० ते १५ मिनिटं लागतात, नव्या, जास्त संवेदनशील सीझेडटी कॅमेऱ्यावर त्याहून बरीच कमी. काही केंद्रं आधी ताणाचं चित्र काढतात, आणि ते निर्मळ आलं तर विश्रांतीचा भाग करतच नाहीत. ही पद्धत चांगली आहे. वेळ आणि रेडिएशन दोन्ही वाचतात.

ट्रेडमिलवर ब्रूस पद्धत वापरतात. दर ३ मिनिटांनी वेग आणि चढ वाढतो, सुरुवात ताशी २.७ किलोमीटर आणि १० टक्के चढापासून. नाडी २२० वजा वय या संख्येच्या किमान ८५ टक्क्यांपर्यंत गेली पाहिजे. साठीच्या माणसासाठी ती १३६ होते. डोस दिल्यावर आणखी एखादं मिनिट चालत राहावं लागतं, कारण औषध स्नायूत मुरेपर्यंत ताण टिकला पाहिजे. पाय दुखतात म्हणून सुई टोचताक्षणी थांबलात तर निकाल कच्चा राहतो. दम संपतोय असं वाटलं तर थांबण्याच्या एक मिनिट आधी तंत्रज्ञांना सांगा.

मधल्या वेळात दूध किंवा काहीतरी स्निग्ध खायला आणि भरपूर पाणी प्यायला सांगतात. औषधाचा काही भाग यकृत आणि पित्ताशयात साठतो आणि त्याची चमक हृदयाच्या खालच्या भिंतीवर पडते. खाण्यापिण्याने तो आतड्यातून पुढे सरकतो. चित्र काढताना हात डोक्यावर ठेवून हालचाल न करता पडून राहायचं असतं. खांदा आखडलेला असेल तर आधी सांगा, कारण मधेच हात हलवला की खोटा डाग उमटतो.

येणं जमणार नसेल तर आदल्या दिवशी कळवा. डोस तुमच्या नावाने, तुमच्या वेळेचा हिशोब करून तयार होतो आणि ६ तासांत निम्मा होतो. तो ठेवून उद्या वापरता येत नाही.

५. गुडघे दुखतात, चालता येत नाही. मग ताण कसा देणार?

औषधाने. ॲडेनोसिन दर किलो वजनामागे दर मिनिटाला १४० मायक्रोग्रॅम या हिशोबाने देतात. स्पेक्टसाठी सहसा ६ मिनिटं, एमआरआयसाठी ३ ते ४ मिनिटं. रेगाडेनोसॉन मिळत असेल तर वजन न पाहता ०.४ मिलिग्रॅमची एकच सुई दहा सेकंदांत. दोन्ही औषधं वाहिन्या रुंदावतात. निरोगी वाहिनीतला प्रवाह कितीतरी पट वाढतो, अरुंद वाहिनीतला वाढत नाही, आणि तो फरक चित्रात उमटतो.

त्या काही मिनिटांत चेहरा गरम होणं, छातीवर दाब, धाप, डोकेदुखी हे जवळजवळ सगळ्यांनाच होतं. त्याचा अर्थ ब्लॉकेज सापडला असा नाही. ॲडेनोसिन रक्तात १० सेकंदांपेक्षा कमी टिकतं, त्यामुळे पंप बंद केला की एक-दोन मिनिटांत सगळं ओसरतं. रेगाडेनोसॉनचा परिणाम जास्त रेंगाळतो. गरज पडली तर ॲमिनोफायलिन देऊन तो उतरवतात.

छातीत आत्ता घरघर असलेला दमा, पेसमेकर नसताना दुसऱ्या किंवा तिसऱ्या दर्जाचा हार्ट ब्लॉक (हृदयातला विद्युत संदेश मधेच अडणं), वरचा रक्तदाब ९० च्या खाली, या स्थितीत ही औषधं देत नाहीत. फिट येण्याचा इतिहास असेल तर रेगाडेनोसॉनआधी जरूर सांगा. दम्याच्या रुग्णात डोब्युटामिन वापरतात: ५ किंवा १० मायक्रोग्रॅमपासून सुरू करून ४० पर्यंत, दर ३ मिनिटांनी वाढवत. ते नाडी वाढवतं, म्हणून नुकताच अटॅक आलेला, गंभीर अनियमित ठोके किंवा महाधमनीची झडप फार अरुंद झालेली असेल तर ते टाळतात.

६. सकाळी फक्त अर्धा कप चहा घेतला. चालेल का?

औषधाने ताण द्यायचा असेल तर चालत नाही. ॲडेनोसिन ज्या ग्राहींवर बसून वाहिनी रुंदावतं, त्याच जागा कॅफिन आधी अडवतं. मग औषध आत जातं, तोंड लाल होतं, पण हृदयाच्या वाहिन्या पुरेशा रुंदावत नाहीत. अरुंद आणि निरोगी वाहिनीतला फरक पुसला जातो आणि रिपोर्ट नॉर्मल येतो. हा खोटा नॉर्मल निकाल आमच्या मते सगळ्यात घातक, कारण तो कुणालाच खटकत नाही.

किमान १२ तास आणि शक्यतो २४ तास आधीपासून चहा, कॉफी, ग्रीन टी, कोला, एनर्जी ड्रिंक आणि चॉकलेट बंद. डिकॅफ कॉफीतही थोडं कॅफिन असतं. सॅरिडॉनसारख्या डोकेदुखीच्या गोळ्यांमध्येही कॅफिन आहे, हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही. रोज चार-पाच कप चहा पिणाऱ्याचं दुसऱ्या दिवशी डोकं धरतं. अशा वेळी साधी पॅरासिटॅमॉल घ्या.

चुकून चहा झालाच तर लपवू नका. केंद्र दुसरी तारीख देईल किंवा ट्रेडमिल अथवा डोब्युटामिनवर तपासणी करेल. चालून ताण द्यायचा असला तरी हा नियम पाळा, कारण ऐनवेळी चालणं जमलं नाही तर औषधावर यावं लागतं.

७. रोजच्या गोळ्यांपैकी काय बंद करायचं?

स्वतःहून काहीच नाही. चिठ्ठी देणाऱ्या डॉक्टरांना विचारा, आणि सगळ्या गोळ्यांची पाकिटं घेऊन जा.

आजार आहे की नाही हे शोधायचं असेल आणि ट्रेडमिल करायची असेल तर बीटा ब्लॉकर, म्हणजे मेटोप्रोलॉल, बिसोप्रोलॉल, ॲटेनोलॉल, २४ ते ४८ तास थांबवायला सांगतात, कारण त्यावर नाडी वर जात नाही. आजार माहीत आहे आणि औषधांवर असताना रक्तपुरवठा कसा राहतो हे पाहायचं असेल, तर गोळ्या चालू ठेवूनच तपासणी करतात. दोन्ही उद्देश वेगळे आहेत, म्हणून शेजाऱ्याला सांगितलेली सूचना तुम्हाला लागू होईलच असं नाही.

औषधाने ताण देताना डेरिफायलिन, थिओफायलिन, डॉक्सोफायलिन या दम्याच्या गोळ्या कॅफिनसारखाच घोटाळा करतात. त्या एक-दोन दिवस आधी थांबवाव्या लागतात, पण दम लागणाऱ्या माणसाने हे छातीच्या डॉक्टरांना विचारूनच करायचं. डायपिरिडॅमोल ॲडेनोसिनचा परिणाम फार वाढवतं, तेही थांबवतात. स्टेंटनंतर टिकाग्रेलॉर चालू असेल तर ॲडेनोसिनची धाप जास्त जाणवू शकते. ती गोळी मात्र कधीही स्वतः बंद करू नका.

मधुमेह असेल तर सकाळचं पहिलं स्लॉट मागून घ्या. साधारण ४ तास उपाशी राहावं लागतं आणि इन्सुलिनचा डोस त्याप्रमाणे बदलावा लागतो.

८. रेडिएशन किती लागतं?

टेक्नेशियमवर विश्रांती आणि ताण असे दोन्ही भाग केले तर साधारण १० ते १२ मिलिसिव्हर्ट (शरीराला मिळालेल्या रेडिएशनचं माप). फक्त ताणाचा भाग केला तर त्याहून बरंच कमी. जुन्या पद्धतीने थॅलियमच दिलं तर जास्त. अमोनिया पेटला २ ते ३, आधुनिक यंत्रावर नीट केलेल्या सीटी अँजिओग्राफीला सुमारे २ ते ५. एमआरआय आणि इकोला शून्य. तुलनेसाठी, माती, हवा, अन्न आणि आकाशातून माणसाला वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मिळतच असतं.

खरा त्रास असलेल्या पन्नाशीच्या माणसात हा हिशोब तपासणीच्या बाजूने जातो. तिशीतल्या स्त्रीमध्ये आधी इको किंवा एमआरआयचा विचार करावा. गर्भ असण्याची शक्यता किंवा अंगावर पाजणारं बाळ असेल तर सुई टोचण्याआधी सांगायलाच हवं.

९. रिपोर्टमधले शब्द आणि आकडे कसे वाचायचे?

हृदयाच्या डाव्या कप्प्याचे १७ भाग पाडतात. प्रत्येकाला ० ते ४ गुण देतात: ० म्हणजे रक्तपुरवठा नॉर्मल, ४ म्हणजे औषध पोचलंच नाही. ताणाच्या चित्राची बेरीज म्हणजे एसएसएस, विश्रांतीची एसआरएस, दोन्हींतला फरक एसडीएस. एकूण गुण जास्तीत जास्त ६८ होतात. म्हणून एसडीएस ७ आला तर ७ भागिले ६८, म्हणजे सुमारे १० टक्के स्नायूला ताणाच्या वेळी रक्त कमी पडतंय. १० टक्क्यांच्या वरचं प्रमाण डॉक्टर गांभीर्याने घेतात.

रिव्हर्सिबल डिफेक्ट म्हणजे ताणात दिसणारा आणि विश्रांतीत भरून येणारा डाग, अर्थात जिवंत स्नायू पण अपुरं रक्त. फिक्स्ड डिफेक्ट दोन्ही चित्रांत दिसतो. तो जुन्या अटॅकचा वण असू शकतो किंवा निव्वळ चित्राचा दोष (प्रश्न १३). हृदयाच्या तीन मुख्य वाहिन्या म्हणजे एलएडी, आरसीए आणि सर्कम्फ्लेक्स. समोरची भिंत आणि पडदा (डाव्या-उजव्या कप्प्यांमधली भिंत) हा बहुधा एलएडीचा प्रदेश, खालची भिंत आरसीएचा, बाजूची सर्कम्फ्लेक्सचा, पण माणसागणिक यात फरक असतो.

दोन ओळी वाचायला विसरू नका. एक, ताण पुरेसा झाला का: किती मिनिटं चाललात, नाडी कुठवर गेली. दुसरी टीआयडी, म्हणजे ताणानंतर डावा कप्पा विश्रांतीपेक्षा मोठा दिसतो का. डाग छोटा असूनही टीआयडी वाढलेला असेल तर मोठा आजार लपलेला असू शकतो.

१०. थॅलियम नॉर्मल, तरी जिना चढताना छाती भरून येते. असं कसं?

तीन शक्यता तपासायच्या.

पहिली, ताणच अपुरा पडला: नाडी वर गेली नाही, किंवा चहा आडवा आला (प्रश्न ६). ॲडेनोसिनवर केलेल्या एमआरआयमध्ये याची एक खूण चित्रातच सापडते. औषध नीट लागू झालं असेल तर ताणाच्या चित्रात प्लीहा विश्रांतीच्या मानाने काळवंडते. हृदयाच्या चित्राच्या कोपऱ्यात ती दिसत असते. ती दोन्ही वेळा सारखीच उजळ असेल तर निकालावर विश्वास ठेवण्याआधी थांबावं.

दुसरी शक्यता, तिन्ही वाहिन्यांत किंवा डाव्या मुख्य वाहिनीत अडथळा आहे. स्पेक्टमध्ये सगळ्यात जास्त औषध घेतलेला भाग १०० धरून बाकीचे त्याच्याशी ताडतात. सगळीकडेच प्रवाह सारखा कमी असेल तर चित्र एकसारखं, म्हणून नॉर्मल दिसतं. ताणात रक्तदाब घसरणं, ईसीजीत मोठे बदल, टीआयडी, ताणानंतर इजेक्शन फ्रॅक्शन (हृदयाच्या पंपिंगची टक्केवारी) कमी होणं, या खुणा त्याकडे बोट दाखवतात.

तिसरी, मोठ्या वाहिन्या मोकळ्या आहेत पण सूक्ष्म वाहिन्या रुंदावत नाहीत. असे रुग्ण, त्यातही स्त्रिया, ‘मनाचं आहे’ असं ऐकून घरी परततात. हे योग्य नाही. त्रास खरा असतो आणि मोजताही येतो.

दुसऱ्या आणि तिसऱ्या शक्यतेसाठी प्रवाह आकड्यात हवा आणि ते पेट सगळ्यात चांगलं करतं. विश्रांतीत निरोगी स्नायूला दर ग्रॅममागे मिनिटाला १ मिलिलिटरच्या आसपास रक्त मिळतं, ताणात त्याच्या दुप्पट-चौपट. ताणाचा आकडा भागिले विश्रांतीचा आकडा म्हणजे फ्लो रिझर्व्ह. २ च्या वर असेल तर सहसा दिलासा, १.५ च्या खाली असेल तर धोका बराच जास्त. विश्रांतीचा प्रवाहच वाढलेला असेल, जसं उच्च रक्तदाब किंवा ॲनिमियात, तर भागाकार उगाच कमी येतो. म्हणून ताणाचा मूळ आकडाही पाहावा.

११. मग सगळ्यांची पेटच का करत नाहीत?

औषध टिकत नाही म्हणून. नायट्रोजन-१३ अमोनियाचं अर्धायुष्य १० मिनिटं आहे, त्यामुळे सायक्लोट्रॉन (असं किरणोत्सारी औषध बनवणारं यंत्र) त्याच आवारात किंवा अगदी शेजारी लागतो. परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये २००२ साली देशातला पहिला वैद्यकीय सायक्लोट्रॉन आला, नंतर संख्या वाढली, पण बहुतेकांचा वेळ कॅन्सरच्या स्कॅनसाठी लागणारं औषध बनवण्यात जातो. रुबिडियम-८२ जनरेटर नावाच्या, केंद्रातच ठेवायच्या औषधाच्या पेटीतून मिळतं, अर्धायुष्य ७६ सेकंद, पण जनरेटर महाग आणि काही आठवड्यांत बदलावा लागतो. रोज भरपूर रुग्ण असतील तरच परवडतो. फ्लोरिन-१८ वर बनलेल्या फ्लुरपिरिडॅझला अमेरिकेत २०२४ मध्ये मान्यता मिळाली. त्याचं अर्धायुष्य ११० मिनिटं असल्याने लांबून आणता येतं आणि ट्रेडमिलवरही वापरता येतं.

१२. स्टेंट किंवा पेसमेकर आहे, किडनी कमजोर आहे. एमआरआय किंवा सीटी होईल का?

स्टेंटला एमआरआयची भीती नाही. पेसमेकर एमआरआयला चालणारा आहे का हे त्याच्या कार्डावर लिहिलेलं असतं. ते कार्ड आणा, कारण यंत्राचं सेटिंग आधी बदलावं लागतं. गॅडोलिनियमसाठी ईजीएफआर (किडनी किती काम करते त्याचा आकडा) ३० च्या खाली असेल तर औषधाची निवड विचारपूर्वक करतात. बंद जागेची भीती वाटत असेल तर आधीच सांगा, पाऊण ते एक तास आत राहावं लागतं. एमआरआयवरून उपचार ठरवले तर कॅथेटरने दाब मोजून ठरवण्याइतकेच निकाल मिळतात, हे २०१९ च्या एमआर-इन्फॉर्म अभ्यासात ९१८ रुग्णांमध्ये दिसलं.

सीटीसाठी नाडी ६० ते ६५ च्या खाली आणतात आणि जिभेखाली नायट्रोग्लिसरिन देतात. सिल्डेनाफिल किंवा टॅडालाफिल घेतलं असेल तर संकोच न करता सांगा, कारण दोन्ही एकत्र आल्यास रक्तदाब धोकादायक रीतीने कोसळतो. ३ मिलिमीटरपेक्षा लहान स्टेंटच्या आतलं सीटीत नीट दिसत नाही, आणि दाट कॅल्शियम असलं की ते फुगून दिसतं आणि ब्लॉकेज वाटतो.

सीटी-एफएफआरसाठी वेगळी सुई नाही की ताण नाही. आधीच्याच चित्रांवर प्रवाहाचं गणित मांडतात. ०.८० किंवा कमी म्हणजे अडथळा महत्त्वाचा, ०.७५ ते ०.८० हा संशयाचा पट्टा. वाहिनीच्या अगदी टोकाला आकडा आपसूकच घसरतो. म्हणून अरुंद भागापुढे एक-दोन सेंटिमीटरवरचा आकडा धरायचा. चित्र हललेलं असेल किंवा बायपास झालेली असेल तर हे गणित सहसा लागू पडत नाही.

१३. थॅलियम पॉझिटिव्ह, अँजिओग्राफी स्वच्छ. कोण खोटं?

कदाचित कोणीच नाही. सूक्ष्म वाहिन्यांचा आजार असेल तर दोन्ही खरे (प्रश्न १०). बाकी वेळा डाग शरीराच्या सावलीचा असतो. स्त्रियांमध्ये स्तनामुळे समोरची भिंत फिकी दिसते, पुरुषांमध्ये श्वासपटलामुळे खालची. पालथं झोपवून पुन्हा चित्र काढलं की खालच्या भिंतीचा खोटा डाग बहुधा जातो. डाग आहे पण तिथला स्नायू जोमाने आकुंचन पावतोय, तर वण नसण्याची शक्यता जास्त. पेट-सीटीत श्वासामुळे पेट आणि सीटी एकमेकांवर नीट बसली नाहीत तर बाजूच्या भिंतीत मोठा खोटा डाग येतो. दोन्ही चित्रं नीट जुळवून पाहिली का, हे विचारण्यासारखं आहे.

१४. ईसीजीत लेफ्ट बंडल ब्लॉक आहे किंवा ठोके अनियमित आहेत. काही वेगळं करावं लागतं?

हो. लेफ्ट बंडल ब्लॉक (हृदयाच्या डाव्या बाजूचा विद्युत मार्ग अडलेला) किंवा पेसमेकरवर चालणाऱ्या हृदयात नाडी वाढवली की पडद्यावर खोटा डाग पडतो. म्हणून चालता येत असलं तरी ट्रेडमिल आणि डोब्युटामिन टाळून ॲडेनोसिन किंवा रेगाडेनोसॉन वापरायचं. चिठ्ठीवर ही नोंद नसेल तर जुना ईसीजी सोबत न्या. एट्रियल फिब्रिलेशनमध्ये, म्हणजे वरच्या कप्प्यांमुळे ठोके अनियमित पडत असताना, रक्तपुरवठ्याचं चित्र वाचता येतं, पण इजेक्शन फ्रॅक्शनचा आकडा भरवशाचा राहत नाही.

१५. अटॅकनंतर पंपिंग २५ टक्के आहे. तो स्नायू मेलाय की झोपलाय?

एमआरआयमध्ये गॅडोलिनियम दिल्यावर सुमारे १० मिनिटांनी वण पांढरा उजळतो. वण भिंतीच्या जाडीच्या निम्म्याहून जास्त असेल तर तो भाग सुधारण्याची आशा कमी. पेटमध्ये रक्तपुरवठा आणि साखरेचा वापर शेजारी ठेवून पाहतात: रक्त कमी पण साखर घेतोय, तर स्नायू जिवंत. मधुमेहात साखर नीट आवाक्यात नसेल तर हे चित्र पुसट येतं, म्हणून इन्सुलिन देऊन तयारी करतात.

पण स्नायू जिवंत निघाला म्हणजे प्लास्टी (फुग्याने वाहिनी रुंदावून स्टेंट टाकणं) केलीच पाहिजे असं नाही. २०२२ च्या रिव्हाइव्हड अभ्यासात कमी पंपिंग आणि जिवंत स्नायू असलेल्या ७०० रुग्णांमध्ये नीट औषधोपचारांच्या तुलनेत प्लास्टीने मृत्यू किंवा हार्ट फेल्युअरसाठी भरती कमी झाली नाही. बायपासचा प्रश्न वेगळा आहे, तो हृदयरोगतज्ज्ञ आणि सर्जन यांनी मिळून ठरवायचा.

१६. १० टक्क्यांहून जास्त इस्केमिया (स्नायूला रक्त कमी पडणं) आलाय. लगेच प्लास्टी करू?

लगेच ठरवू नका. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या इस्केमिया अभ्यासात मध्यम ते तीव्र इस्केमिया असलेले ५,१७९ रुग्ण होते, भारतातलेही. सुरुवातीलाच अँजिओग्राफी आणि प्लास्टी-बायपास करणाऱ्यांत आणि आधी औषधांवर राहणाऱ्यांत मृत्यू आणि अटॅकचं प्रमाण एकंदरीत सारखंच निघालं. छातीत वारंवार दुखणाऱ्यांचा त्रास मात्र प्लास्टी-बायपासने जास्त कमी झाला. डाव्या मुख्य वाहिनीचा मोठा अडथळा, फार कमी पंपिंग किंवा औषधांनीही न थांबणारं दुखणं असलेले या अभ्यासात नव्हते, त्यांना हा निष्कर्ष लावू नका. बाकीच्यांना दुसरं मत घ्यायला सहसा वेळ असतो, औषधं चालू ठेवून.

१७. स्टेंट टाकलाय. दरवर्षी थॅलियम करायची का?

त्रास नसेल तर नाही. कोरियातल्या पोस्ट-पीसीआय अभ्यासात जास्त धोक्याच्या १,७०६ रुग्णांपैकी निम्म्यांची एका वर्षाने ठरवून तपासणी केली. दोन वर्षांत त्यांना वेगळा फायदा झाला नाही. छातीत नव्याने दुखू लागलं, दम वाढला किंवा चालण्याची ताकद घटली तर मात्र तारखेची वाट न पाहता दाखवा.

१८. तपासणीनंतर नातवाला घेतलं तर चालेल? परवा विमान आहे.

टेक्नेशियमनंतर त्या दिवशी लहान मुलं आणि गरोदर स्त्रियांना फार वेळ चिकटून बसू नका. भरपूर पाणी प्या, लघवीनंतर दोनदा फ्लश करा, हात धुवा. दुसऱ्या दिवशी रोजचा व्यवहार सुरू. विमानतळावर किंवा बंदरावर रेडिएशन शोधणारी यंत्रं मात्र फार संवेदनशील असतात. टेक्नेशियमनंतर काही दिवस आणि थॅलियम दिलं असेल तर काही आठवडे ती वाजू शकतात. तपासणीची तारीख आणि दिलेल्या औषधाचं नाव असलेलं पत्र केंद्राकडून त्याच दिवशी मागून घ्या आणि परदेशी जाताना ते इंग्रजीत असू द्या.